रग, ठणका आणि नऊ व्होल्ट

पाळी बदलण्याच्या वेळेला भिवंडीतल्या एखाद्या गल्लीतल्या दवाखान्यात थोडा वेळ बसलं, तर दुखण्याची अख्खी भाषा कानावर पडते. बारा तास यंत्रमागावर उभा राहिलेला कामगार सांगतो, पिंढऱ्या भरून आल्यात. गोदामात दिवसभर खोकी चढवणारा हमाल कंबरेवर हात ठेवून म्हणतो, उसण भरलीय. उत्तर प्रदेशातून आलेला कारीगर म्हणतो, ‘पूरा बदन टूट रहा है’. पद्मानगरातल्या तेलुगू विणकर घरातली बाई म्हणते, ‘ओळ्ळु नोप्पुलु’, सगळं अंग दुखतंय. डॉक्टर गोळ्या देतो, आणि यातल्या बहुतेकांचं दुखणं दोन-चार दिवसांत खरोखर उतरतं.

एखादी बाई मात्र पुन्हा पुन्हा येत राहते. अशी बाई प्रत्येक दवाखान्याला माहीत असते. मानेला रग, खांद्यात ठणका, कंबर धरलेली, मांड्यांत कळ, तळव्यांना मुंग्या. रात्रभर झोपली तरी सकाळी अंग आंबलेलंच. घरचे विचारतात, नक्की दुखतंय कुठे? तिला एका जागेवर बोट ठेवता येत नाही, आणि तिच्यावरचा अविश्वास इथूनच सुरू होतो.

रग, ठणका, कळ, चमक, सणक, उसण, ठुसठुस, कणकण, वांब. मराठीत दुखण्याला इतके शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गळू ठुसठुसतं, दाढ ठणकते, पोटात कळ येते, फार वेळ एका जागी बसून मांडीला रग लागते; सणक मात्र कंबरेतून थेट पायात उतरते. वैद्यकशास्त्राने या शब्दांकडे गांभीर्याने पाहायला बराच वेळ घेतला. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी रुग्णांच्या तोंडचे असे शब्द गोळा केले, त्यांची प्रतवारी लावली आणि १९७५ साली त्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात ७८ शब्द होते, वीस गटांत मांडलेले. रुग्ण कोणता शब्द निवडतो यावरून दुखण्याचा स्वभाव ओळखायचा, ही तिची साधी आणि मोठी कल्पना. मेलझॅक या प्रकरणात पुन्हा भेटणार आहेत, कारण दुखण्यावर विजेचा उतारा शोधण्याची वाट त्यांनीच दहा वर्षं आधी मोकळी केली होती.

दवाखान्यातल्या त्या बाईचं दुखणं शरीराच्या दोन्ही बाजूंना आहे, कंबरेच्या वर आहे आणि खालीही, पाठीच्या कण्याच्या आसपास आहे आणि तीन महिन्यांहून जास्त टिकलं आहे. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९० साली सर्वांगदुखीची व्याख्या साधारण याच शब्दांत केली. सोबत अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून पाहायच्या आणि त्यांतल्या किमान ११ दुखल्या तर आजाराला फायब्रोमायल्जिया म्हणायचं, असा नियम होता. २०१० साली जागा मोजण्याचा हा प्रकार मागे पडला. थकवा, न भागणारी झोप आणि विसराळूपणा यांनाही निदानात जागा मिळाली. जगभरच्या पाहण्यांत शंभरांतल्या दोन-तीन जणांना हा आजार आढळतो, आणि त्यांत बायका जास्त.

आधी याचं नाव वेगळं होतं. लंडनचे चेताविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १९०४ साली ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द वापरला, कारण स्नायूंभोवतीच्या तंतूंना सूज येत असावी असं त्यांना वाटलं. पुढच्या काळात ती सूज शोधूनही सापडली नाही, आणि १९७६ साली नाव बदलावं लागलं. ही जुनी चूक आजही रुग्णाच्या वाट्याला येते. एक्स-रे स्वच्छ, रक्त ठीक, सूज नाही, म्हणजे दुखणं मनाचं, असं सांगून तिला घरी पाठवलं जातं.

यंत्रमागाच्या गावात याचा खुलासा मागाच्याच उदाहरणाने करता येतो. साध्या मागाला एक छोटा काटा असतो. धोट्यामागून येणारा आडवा धागा तुटला, की तो काटा माग थांबवतो. आता समजा तो काटाच बिघडून फार हळवा झाला. धागा शाबूत असताना माग दर मिनिटाला थांबू लागेल. मालक कापड उलगडून कितीही तपासू दे, त्याला तुटलेला धागा सापडणार नाही, तरी माग थांबतो हे खरंच आहे. सर्वांगदुखीत मज्जारज्जू आणि मेंदू यांचं काहीसं असंच झालेलं असतं. क्लिफर्ड वूल्फ या शास्त्रज्ञाने १९८३ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की सतत दुखावलं गेल्यावर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच हळव्या होतात आणि हलक्या स्पर्शालाही दुखणं समजू लागतात. शिवाय मेंदूतून खाली येणारे, दुखणं आवरून धरणारे निरोप या रुग्णांत कमजोर पडलेले आढळतात.

अर्थात फायब्रोमायल्जियाचा शिक्का मारण्याआधी बाकीचं तपासायलाच हवं. उन्हाचं तोंड न पाहता दिवस काढणाऱ्या बाईला ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडं मऊ पडूनही सर्वांगदुखी होते आणि ती औषधाने बरी होते. थायरॉइड मंदावला तरी अंग दुखतं. संधिवाताची सुरुवातही अशीच फसवी असू शकते. ही तपासणी टाळून थेट विजेच्या मशीनकडे जाणं म्हणजे रुग्णाचं नुकसान.

महाराष्ट्रात अंगदुखी दारोदार जाऊन मोजण्याचं सगळ्यात चिकाटीचं काम झालं ते भिवंडीत नव्हे, तर नावाने तिच्या जवळच्या भिगवणला. पुणे जिल्ह्यातल्या या गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या पुण्याच्या केंद्राने जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन विचारपूस केली. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून तयार केलं होतं. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना हाडं, सांधे किंवा स्नायूंचं दुखणं होतं, म्हणजे शंभरांत अठरा. ऐकीव समजुतीप्रमाणे गावातला माणूस कणखर, त्याला काही दुखत नाही. आकडे वेगळंच बोलले. आमवातासारखे ठळक आजार थोडे निघाले. सांध्यांची झीज, स्नायूंची दुखणी आणि कुठल्याच चौकटीत नीट न बसणारी अंगदुखी हीच जास्त. कुणीतरी वही-पेन घेऊन दारात उभं राहिलं, म्हणून ती दिसली.

आता वीज. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखी आणि पायाच्या गाउटवर विजेचा धक्का देणारा जिवंत मासा लावायला सांगितलं होतं. पाय त्या माशावर ठेवून बधिर होईपर्यंत उभं राहायचं. त्यानंतर विजेचे नाना पट्टे, पेट्या आणि भोंदू उपाय येऊन गेले. त्यांच्यामागे विचार असा काही नव्हता. तो आला १९६५ साली, मेलझॅक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांतातून.

लेकराचं कोपर आपटलं की आई ते चोळते आणि दुखणं खरंच कमी होतं. का? दुखण्याचा निरोप नेणारे बारीक मज्जातंतू संथ असतात; त्यांतल्या सगळ्यात संथ तंतूंमधून निरोप सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकतो. स्पर्शाचा निरोप नेणारे जाड तंतू सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास धावतात. दोन्ही मज्जारज्जूच्या मागच्या भागात एका ठिकाणी येऊन मिळतात. तिथे एक फाटक आहे असं मेलझॅक आणि वॉल यांचं म्हणणं. स्पर्शाचे निरोप भरपूर आले की फाटक लोटलं जातं आणि दुखण्याचा निरोप वर मेंदूकडे कमी पोचतो. त्या सिद्धांताच्या बारीकसारीक भागांत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. फाटकाची मुख्य कल्पना टिकली.

वॉल यांनी ती स्वतःवर तपासली. चेताशल्यचिकित्सक विल्यम स्वीट यांच्यासोबत त्यांनी आधी स्वतःच्या चेहऱ्यावरच्या, डोळ्याखालून जाणाऱ्या मज्जातंतूला सौम्य वीज दिली आणि मग जुनाट दुखण्याच्या आठ रुग्णांना. १९६७ साली त्यांनी निष्कर्ष छापले: वीज चालू असताना काहींचं दुखणं थांबत होतं, आणि बंद केल्यावरही थोडा वेळ आराम राहत होता. त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर शस्त्रक्रियेने विजेचं उपकरण बसवलं. अशी शस्त्रक्रिया कोणाला मानवेल हे आधी ताडून पाहावं, म्हणून रुग्णाच्या कातडीवर पट्ट्या चिकटवून वीज देऊन बघण्याची पद्धत पडली. तेव्हा लक्षात आलं, की काही रुग्णांना त्या चाचणीनेच आराम पडतोय. चाचणीचं साधन अशा रीतीने उपचार बनलं. १९७०च्या दशकात ते कंबरेला अडकवता येईल इतकं लहान झालं, आणि त्याला टेन्स हे नाव रूढ झालं.

टेबलावर ठेवलेलं टेन्स मशीन पाहिलं तर त्यात भारावून जाण्यासारखं काही नाही. हाताच्या मुठीत मावणारी प्लॅस्टिकची डबी. जुन्या धाटणीच्या डबीत मागचं झाकण सरकवलं की नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. वर दोन गोल बटणं, दोन वाहिन्यांसाठी. प्रत्येकीतून एक वायर निघते, पुढे तिचे दोन फाटे होतात आणि टोकाला चिकट पट्टी किंवा काळ्या रबराचा चौकोन, ज्याला जेल लावून वर टेप मारावा लागतो. बटण शून्याच्या पुढे सरकवलं की ‘टक’ असा आवाज येतो. आधी काही जाणवत नाही. मग पट्टीखाली कुणीतरी बारीक टाचण्यांनी थापटतंय असं वाटतं, मग मुंग्यांची दाट झिणझिण, आणि आणखी वाढवलं की स्नायू स्वतःहून फडफडतो. प्रत्येक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही छोटा. सेकंदाला किती ठोके, हे वेगळ्या बटणावर ठरतं: दोन-चारपासून शंभर-सव्वाशेपर्यंत.

लोक याला ‘करंट लावणं’ म्हणतात आणि त्यात बरंच काही मिसळतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा निघाली, तेव्हापासून पोलिओने लुळ्या पडलेल्या स्नायूंना आकुंचन देणारा करंट आपल्याकडे ओळखीचा झाला. त्याचं काम स्नायू हलवणं. दवाखान्यातली मोठी, खोलवर जाणाऱ्या लहरींची मशिनं आणखी वेगळी. टेन्सचं काम मज्जातंतूला जागं करणं.

अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठातल्या प्राध्यापक कॅथलीन स्लुका यांनी या डबीचं कोडं गेली काही दशकं उलगडत आणलं आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यांना दिसलं, की टेन्समुळे मेंदू आणि मज्जारज्जू अफूच्या जातीची स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतात. जलद ठोक्यांनी शरीरातले एका प्रकारचे ग्राहक कामाला लागतात, संथ ठोक्यांनी दुसऱ्या प्रकारचे. मॉर्फिनची जशी सवय होते आणि तोच डोस लागू पडेनासा होतो, तशीच या करंटचीही होते: रोज तेवढेच ठोके, तेवढाच जोर ठेवला, तर चार-पाच दिवसांत परिणाम ओसरतो. त्यावर तोडगा म्हणजे ठोक्यांचा वेग सतत बदलता ठेवणं आणि सोसेल तसा जोर वाढवत नेणं.

हे सगळं ध्यानात घेऊन स्लुका, डेना डेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोवा आणि व्हँडरबिल्ट या दोन विद्यापीठांत फायब्रोमायल्जिया असलेल्या ३०१ स्त्रियांवर चाचणी घेतली. ती २०२० साली प्रसिद्ध झाली. एका गटाला खरं मशीन. दुसऱ्याला हुबेहूब तसंच, पण पाऊण मिनिटात करंट विरून जाणारं. तिसऱ्याला काहीच नाही. पट्ट्या मानेखाली पाठीच्या वरच्या भागावर आणि कंबरेवर. ठोके दोन ते सव्वाशेच्या दरम्यान बदलते, जोर सोसेल तितका जास्तीत जास्त, रोज दोन तास, चार आठवडे. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: हे दोन तास पडून राहायचं नाही, कामं करत, हिंडत-फिरत घालवायचे.

दुखणंही त्यांनी हालचालीतच मोजलं, सहा मिनिटं चालायला लावून. शून्य ते दहाच्या मापावर खऱ्या मशीनच्या गटाचं चालतानाचं दुखणं खोट्या मशीनपेक्षा एका गुणाने आणि काहीच न मिळालेल्या गटापेक्षा १.८ गुणांनी जास्त उतरलं. दुखणं तीस टक्के किंवा त्याहून अधिक कमी झालेल्या बायका पहिल्या गटात शंभरांत ४४, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात १४. थकवाही कमी झाला. त्रास झाला तो थोड्या जणींना, कातडी चुरचुरण्यासारखा. चौदा आणि बावीस हे आकडेही नजरेआड करण्यासारखे नाहीत: काही न करता किंवा नुसत्या विश्वासावरही काहींना बरं वाटतं. पण त्यापुढची उडी करंटची आहे.

तरीही यावर एकमत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये दीर्घकालीन दुखण्याची मार्गदर्शिका काढली आणि फायब्रोमायल्जियाचा समावेश ज्यात होतो त्या गटाच्या दुखण्यासाठी टेन्स देऊ नका असं स्पष्ट लिहिलं. २०१७ साली कोक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी तोवरच्या चाचण्या चाळल्या तेव्हा त्यांना आठ सापडल्या, सगळ्या मिळून ३१५ माणसं, आणि ठाम काही सांगण्याइतका पुरावा नाही असा निर्वाळा त्यांनी दिला. या लोकांची सावधगिरी रास्त आहे. पण अपुरा जोर, थोडा वेळ आणि पलंगावर पडलेला रुग्ण अशा रीतीने तपासलेल्या औषधाला निकामी ठरवणं म्हणजे पाव गोळी देऊन ताप उतरला नाही म्हणण्यासारखं आहे. चालताना दुखतं त्या माणसाचं दुखणं चालतानाच मोजायला हवं.

आणि इथेच भिवंडीचा प्रश्न येतो. ओळखीचं दृश्य असं: बाई पडद्याआड पालथी पडलेली, कंबरेवर चार पट्ट्या, दहा-पंधरा मिनिटं करंट, जोर बेताचा, कारण घाबरून ती ‘बस, बस’ म्हणते. दहा दिवसांचा कोर्स, रोजची फी, रोजची रिक्षा, बुडालेला अर्धा दिवस. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर गुण येईनासा होतो आणि ‘करंट लावून पाहिला, फरक नाही’ असं म्हणून ती येणं सोडते. तिचं म्हणणं खरं आहे. तिला मिळालेला डोसच लागू पडण्याजोगा नव्हता. रोजच्या फीच्या आणि रिक्षाच्या पैशांत काही आठवड्यांत स्वतःची साधी डबी घेता येते. ती वापरायला नीट शिकवणारं माणूस मात्र लागतं, आणि कमतरता आहे ती त्याचीच.

पण मशीन घेऊन ते कामावर कंबरेला लावून जावं, असं यंत्रमाग कामगाराला कोणी सांगू नये. वाहन चालवताना किंवा चालत्या यंत्रासमोर टेन्स वापरायचं नाही, ही सूचना मशीनच्या पत्रकात असते. चार-सहा मागांच्या मधल्या फूटभर वाटेत, पट्टे फिरत असताना आणि धोटा आपटत असताना, अचानक स्नायू फडफडला तर हात कुठे जाईल याचा नेम नाही. लोंबणारी वायर तर त्याहून धोक्याची. त्यामुळे उरतात ती घरची दोन तासांची कामं: स्वयंपाक, पाणी भरणं, बाजार. कापसाच्या तंतूंनी आणि घामाने पट्टीचा चिकटपणा लवकर जातो, म्हणून आधी जागा साबणाने धुऊन कोरडी करायची. पेसमेकर असलेल्याने टेन्स वापरायचं नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जखमेवर, बधिर कातडीवर पट्टी लावायची नाही. गरोदरपणात पोटावर आणि कंबरेवर नाही.

भिवंडी तालुक्यात अंगदुखीचा एक जुना उपाय या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर वज्रेश्वरीचं देऊळ बांधून घेतलं. कुंडांत अंग शेकणारी माणसं त्याहीआधी येत असणार. आजही दर्शन झालं की म्हातारी माणसं गुडघे बुडवून बसतात. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली फायब्रोमायल्जियाच्या उपचारांची छाननी केली, तेव्हा गरम पाण्याच्या स्नानाला त्यांनी हलकीशी का होईना शिफारस दिली. जोरदार शिफारस एकाच गोष्टीला मिळाली: व्यायामाला. औषधांनाही नाही.

नेमकी तीच गोष्ट या बाईला जमत नाही, कारण चाललं की दुखतं, दुखलं की ती बसते, आणि बसून बसून अंग आणखी आखडतं. डबीचा खरा उपयोग ही गाठ सैल करण्यासाठी आहे. ती आजार बरा करत नाही. चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळ दुखण्याचा जोर उतरवते, आणि तेवढ्या वेळात पाय मोकळे करता येतात. म्हणून पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्टसमोर एका वाहिनीच्या दोन पट्ट्या मानेखाली, दुसरीच्या दोन कंबरेवर, डबी साडीच्या निऱ्यांशेजारी खोचलेली, जोर असा की झिणझिण दाट वाटावी पण कळ येऊ नये. पंधरा मिनिटांनी ती झिणझिण विरल्यासारखी वाटते, तेव्हा बटण थोडं पुढे. मग दवाखान्याच्या बोळात नाहीतर वऱ्हाळादेवी तलावाच्या काठाने सहा मिनिटं चालायचं, किती पावलं झाली आणि दहापैकी किती दुखलं हे वहीत मांडायचं, आणि आठवड्याने त्याच वाटेवर पुन्हा मोजायचं.